ताप गिअरबॉक्सला की तापमापकाला?



ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात आमच्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स तापल्याचा दिवा पेटला. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून कशीबशी इंदूरला पोहोचली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने काही न उघडताच निदान केले, "साहेब, गिअरबॉक्स गेला!" खर्चाचा आकडा ऐकून सौ.ने चहाचा कप खालीच ठेवला.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबाने गिअर बदलतात. तेल थंड असले की घट्ट, तापले की पातळ. म्हणून गाडीच्या संगणकाला त्याचे तापमान कळावे लागते. ते काम एक लहानसा थर्मिस्टर करतो. धातूची तार तापली की तिचा रोध वाढतो, हे मुले शाळेत शिकतात. या थर्मिस्टरचे उलटे आहे, तापला की रोध कमी. त्यामुळे त्याची तार तुटली तर संगणकाला वाटते, तेल उणे ४० अंशांवर आहे (इंदुरात!). तीच तार गाडीच्या पत्र्याला चिकटली तर तेल उकळत असल्याचा भास होतो. स्कॅनरवर पहिल्या दोषाचा संकेत सहसा पी ०७१३, दुसऱ्याचा पी ०७१२.

आमच्या गाडीत पी ०७१२ निघाला. पण तेवढ्यावर सेन्सर बदलायचा नसतो. बऱ्याच गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या आत असतो, तेल काढून खालचे भांडे उघडावे लागते. आम्ही गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी इंजिन सुरू न करता, नुसती चावी फिरवून आकडे पाहिले. इंजिनचे पाणी २६ अंश, गिअरबॉक्सचे तेल १५० च्या वर! "रात्रभर तेल गरम कसं राहील, बाबा?" दहावीतल्या चिरंजीवांनी विचारले. मुद्दा बिनतोड होता.

मग चावी बंद करून सेन्सरचा प्लग काढला व पुन्हा चावी फिरवली. आकडा उणे ४० वर उतरला असता, तर दोष सेन्सरमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या आतल्या वायरिंगमध्ये. आमचा आकडा जागचा हलला नाही, म्हणजे दोष प्लगच्या अलीकडच्या तारेत. शोधता शोधता एका पट्टीवर घासून सोललेली तार सापडली. तिला नवे आवरण घातले, काम शंभर-दीडशे रुपयांत आटोपले.

सकाळी मात्र सगळे आकडे जुळत असतील आणि चालवताना तेलाचा आकडा हळूहळू चढत जात असेल, तर सेन्सरला दोष देऊ नका. गाडी बाजूला घ्या. तेल कमी झाले असेल, जळका वास येत असेल किंवा तेल थंड करणारा कूलर तुंबला असेल. तेव्हा ताप खरा असतो.