आमच्या नदीतले गोटे

नागपुरात कुणी गाव विचारलं आणि मी 'पांढुर्णा' म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "गोटमारवालं पांढुर्णा का?" मी 'हाव' म्हणते. मग कुणीतरी मोबाईल काढतं, व्हिडिओ लावतं, आणि माझं गाव म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारणारी माणसं, एवढंच उरतं.

खोटं नाही ते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे इकडे नागपुरात मारबत निघते त्याच दिवशी, जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्यावर झेंडा लावतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. झाड तोडून चंडीमातेच्या देवळात न्यायचं, त्यासाठी ही झुंज. कथा अशी सांगतात, की पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवून आणली, दोघं भर पात्रात असताना दोन्हीकडून दगड आले आणि दोघंही तिथेच गेली. आजही दरवर्षी माणसं जखमी होतात, काही वर्षी जीवही गेलेत. माझी आई सावरगावची आणि बाबा पांढुर्ण्याचे. मामाच्या भुवईवर टाक्यांची खूण आहे. घरात त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मला त्याच गोट्यांबद्दल सांगायचं आहे, पण दुसऱ्या अंगाने. मागच्या दोन सुट्ट्यांत मी रोज सकाळी गावाभोवती पायी फिरले. पहिल्यांदा नुसतं मोबाईलपासून सुटका म्हणून निघाले होते. मग पायाखाली काय आहे ते पाहायची सवय लागली. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना वाटतं, की फिरायला जायचं म्हणजे पचमढी नाहीतर चिखलदरा. म्हणून घराजवळच कुठे फिरावं आणि काय पाहावं, ते इथे सांगते.

पहिली वाट : जामच्या काठाने

पावसाळा संपला की जामचं पाणी उतरतं आणि गोटे उघडे पडतात. एक उचलून पाहा. काळा, जड, बारीक कणांचा. हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग या दगडाखाली आहे. सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याची लेणी आणि आमच्या नदीतला गोटा, सगळं एकाच घरातलं.

काही गोट्यांवर पांढरे ठिपके दिसतात. लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्यांत पांढरी खनिजं भरली. हाच दगड झिजून आपली काळी माती झाली. त्या मातीत कपाशी होते.

काठाने चालताना वायव्येकडे सातपुड्याचा चढ दिसतो. नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी पांढुर्णा सोडलं की तिगाव ते चिचोंडा हा घाट चढते, आणि जड मालगाड्यांना मागून आणखी इंजिन लावून ढकलावं लागतं. या चढाच्या वर मुलताई. तिथे तापी उगम पावते आणि पश्चिमेला अरबी समुद्राकडे निघते. आमची जाम मात्र सौंसरच्या बाजूने कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा पुढे प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे वरच्या माळावर पडलेला पाऊस कोणत्या उताराला लागला, यावर तो कोणत्या समुद्राला जाणार ते ठरतं. भूगोलात जलविभाजक हा शब्द मी पाठ केला होता, पण तो आमच्या घरापासून इतका जवळ आहे हे त्या सकाळपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

दुसरी वाट : जामसावळी

सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली निजलेल्या हनुमानाची मूर्ती आहे. जाम आणि सर्पा या नद्यांचा संगम तिथेच. मंगळवारी-शनिवारी गर्दी फार, म्हणून मधल्या वारी सकाळी जावं. वाटेत संत्र्याच्या बागा लागतात. फुलोऱ्याच्या दिवसांत वास रस्त्यापर्यंत येतो. बागेतल्या माणसाला नुसतं "आंबिया चांगला आला का जी?" एवढं विचारा, तो अर्धा तास बोलेल. आंबिया बहार आणि मृग बहार यातला फरक मला पुस्तकातून नाही, अशाच एका बांधावर कळला.

इथल्या म्हाताऱ्यांशी बोललं की दुसराही इतिहास निघतो. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी राज्यं नव्याने आखली गेली, नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशात राहिलो. बोली, सोयरीक, बाजार सगळं नागपूरकडे, कचेरी भोपाळकडे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. सौंसरवरून नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी जायची, रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. २०१५ मध्ये ती बंद झाली आणि त्या मार्गावर ब्रॉडगेज आली. तिच्या गोष्टी सांगणारी माणसं अजून आहेत, तोवर ऐकून घ्या.

तिसरी वाट : रामाकोना आणि कन्हान

सौंसरहून रामाकोन्याला कन्हानच्या बाजूने गेलात तर दगड बदललेला दिसेल. काळ्या बेसाल्टच्या जागी चमचम करणारे, पट्ट्यापट्ट्यांचे दगड येतात. चमकतं ते अभ्रक, पांढरी ती गारगोटी, आणि नशीब असेल तर डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल कण दिसतात, ते गार्नेट. हे दगड बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे आणि त्याहूनही आधीचे. जमिनीत खोल गाडले जाऊन उष्णतेने आणि दाबाने ते बदलले आणि वरचं सगळं झिजल्यावर आता उघडे पडलेत.

जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत या खडकांना 'सॉसर ग्रुप' म्हणतात. म्हणजे आपलं सौंसर! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या लुईस ली फर्मोर यांनी इथल्या मॅंगनीजचा अभ्यास केला आणि १९०९ मध्ये भारतातल्या मॅंगनीजवर मोठा ग्रंथ छापला. गार्नेट आणि गारगोटीच्या एका खडकाला त्यांनी 'गोंडाइट' नाव दिलं, गोंड लोकांवरून. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारवरून एका खनिजाला 'सीतापाराइट' म्हटलं. रामाकोन्याचं नावही खडकांच्या एका पट्ट्याला आहे, रामाकोना-कटंगी पट्टा.

ओळखायच्या दोन सोप्या युक्त्या. काळा दगड आकाराच्या मानाने फारच जड लागला आणि बिनचकाकीच्या फरशीवर घासल्यावर काळी रेघ उठली, तर मॅंगनीज असू शकतं. पांढऱ्या दगडाचा थोडा चुरा करून त्यावर लिंबू पिळा, फेस आला तर त्यात चुन्याचा अंश आहे, तो संगमरवर असू शकतो. गारगोटीवर काही होत नाही.

काळजी घ्या

जुन्या खाणींच्या खड्ड्यांत उतरू नका. पाणी खोल असतं आणि कडा ढासळतात. शेतात जाण्याआधी विचारा. देवळातला, समाधीवरचा दगड उचलू नका. आणि नदी-नाल्याला पूर असेल तर घरीच बसा.

हे शेवटचं सांगताना मला नेहमी स्टीफन हिस्लॉप आठवतात. नागपुरातल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच. १८४५ मध्ये हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, गोंडांची गाणी आणि कथा लिहून घेतल्या, आणि शिकवता-शिकवता आसपासचे दगड पाहत हिंडले. टाकळी भागात लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेले गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख त्यांनी आणि त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर यांनी शोधले आणि १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूगर्भावर लंडनला लेख छापून आणला. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून ते गेले. आपल्यासारख्या मिशनच्या कॉलेजांत त्यांचं नाव धर्मासाठी आणि शिक्षणासाठी घेतात, ते योग्यच आहे. पण आपल्या भागात पायी हिंडून दगड वाचणारा माणूस म्हणूनही ते आपलेच आहेत.

या दिवाळीत मामा माझ्यासोबत नदीवर आला. मी वाकून एक एक गोटा पाहत होते. तो थोडा वेळ गप्प उभा राहिला, मग म्हणाला, "काय पाहून राह्यली वं एवढं?" मी पांढऱ्या ठिपक्यांचा एक दगड त्याच्या हातात दिला आणि बुडबुड्यांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ अंगठ्याने ठिपके चाचपत होता. "इतके वर्स हातात घेतले," तो म्हणाला, "पाह्यला एकबी नाई."

तो गोटा त्याने परत नदीत टाकला नाही. घरी नेला. आता ओट्यावर तुळशीपाशी ठेवलेला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो त्याची गोष्ट सांगतो. वर्षांचा आकडा दर वेळी थोडा वाढतो, तेवढं चालायचंच.

तुमच्या गावाजवळही एखादी नदी, टेकडी नाहीतर बंद पडलेलं स्टेशन असेलच. पुढच्या सुट्टीत एकदा पायी जाऊन या, कुणातरी म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या, आणि काय सापडलं ते मंडळाच्या पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.