महालक्ष्म्यांचा फुलोरा

कोकणात तेरड्याची गौर आणतात, काही घरी नदीकाठच्या खड्यांची गौर पुजतात. आपल्या वऱ्हाडात मात्र दोन महालक्ष्म्या उभ्या असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी असते आणि सारे भाऊबंद एका घरी जेवतात. त्या दिवशी महालक्ष्म्यांच्या डोक्यावर जो फुलोरा टांगतात त्याची माहिती मी लिहिते आहे, कारण यंदा आमच्या घरी तो मी केला.

फुलोरा म्हणजे फुले नव्हेत. करंज्या, पापड्या, साटोऱ्या, शिवाय पिठाची वेणी, फणी, आरसा, बांगड्या, कुंकवाचा करंडा असे सारे तळून, दोऱ्यात ओवून, बांबूच्या कामट्यांच्या चौकटीला टांगायचे.

आमच्याकडे हे काम आजीचे. पण श्रावणात तिचा हात मोडला. आईला मूग तोडायला वावरात जावे लागे. काका म्हणाले, "यंदा बाजारातून प्लॅस्टिकच्या माळा आणू." (थर्माकोलच्या मखरावर तर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदीच आहे.) आजी काही बोलली नाही. ती नुसती प्लॅस्टर केलेल्या हाताकडे पाहत बसली. मग मी म्हटले, "आजी, तू सांग, मी करते."

प्रथम कणीक आणि बारीक रवा समभाग घेतला. त्यात तेल कडकडीत तापवून घातले, याला मोहन म्हणतात. पीठ मुठीत दाबले आणि मूठ वळली म्हणजे मोहन पुरले. मग थोडे थोडे पाणी घालून अगदी घट्ट भिजवले. माझी बोटे दुखून आली. मी पाणी वाढवू लागले तर आजी ओरडली, "नोको! भादव्यातली हवा ओली असते. पीठ सैल झालं तं फुलोरा सांजेपावतर लोंबून पडन." तासभर ओल्या फडक्याखाली ठेवले की पीठ वळायला सोपे जाते.

वेणी करायची तर पिठाच्या तीन सारख्या वळ्या करून आपण केस विणतो तशाच विणाव्या. फणीचे दात सुरीने कापावे. बांगडीची टोके पाण्याचे बोट लावून जोडावी, नाहीतर तेलात सुटतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोऱ्याचे भोक! ते कच्चेपणीच तुराटीच्या काडीने पाडायचे, थोडे मोठेच, कारण तळताना ते आवळते. मी पहिल्या पाच पापड्या तशाच तळल्या आणि नंतर सुई घातली. पाचही तडकल्या. आजी म्हणाली, "टोचणं आधी, तळणं मंग."

तळताना आच मंद हवी. मोठ्या आचेवर वरून लाल दिसते पण आत ओल राहते आणि रात्रीतून वस्तू मऊ पडते. हळूहळू तळले म्हणजे आतले पाणी बुडबुड्यांवाटे निघून जाते. बुडबुडे कमी झाले की काढावे. नैवेद्य झाल्याशिवाय चव घ्यायची नाही, त्यामुळे जमले की नाही ते खाऊन कळत नाही. गार झाल्यावर नखाने वाजवून बघायचे. टणटण आवाज आला तर झाले. मग झाकणाच्या डब्यात भरून ठेवावे आणि पूजेच्या दिवशीच टांगावे.

आता माझी फजिती सांगते. बांगड्या सोन्यासारख्या दिसाव्यात म्हणून मी त्या पिठात हळद घातली. खुसखुशीत व्हाव्यात म्हणून कोणाला न विचारता खायचा सोडाही घातला. तळल्यावर बांगड्या पिवळ्या न होता तांबूस-लाल झाल्या! आजी म्हणाली, "काऊन वं, कुकवात बुडवल्या का?" मला रडूच आले. सणाला चारच दिवस राहिले होते आणि मी विघ्न आणले असे वाटले. दुसऱ्या दिवशी शाळेत विचारले तेव्हा गुरुजी हसले. चुना, सोडा असे पदार्थ हळदीत मिसळले की ती लाल होते. चुन्याची हळद आपण कागदावर करून पाहिलीच आहे, तीच गोष्ट कढईत झाली. गुरुजींनी आणखी एक सांगितले. परदेशात काही ख्रिस्ती घरी ईस्टरच्या सणाला कांद्याच्या सालीबरोबर अंडी उकळून तांबूस रंगवतात आणि ती जेवणाच्या वेळी मांडतात. म्हणजे सणासाठी स्वयंपाकघरातून रंग काढणारे आपणच एकटे नाही.

घरी येऊन आजीला सांगितले. ती म्हणाली, "मंग फेकतं काऊन? लाल बांगड्या तं सवाष्णीलेच शोभतात. टांग." पिवळ्या बांगड्या मी पुन्हा केल्या, सोडा न घालता.

चौकटीला दोरे समोरासमोर सारख्या वजनाचे बांधावे. एका बाजूला करंज्या आणि दुसरीकडे पापड्या टांगल्या तर चौकट कलते. आमची कललीच होती. काकांनी स्टुलावर चढून दोरे सारखे केले. माळांचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

जेवणाच्या दिवशी बायका हळदीकुंकवाला आल्या. लाल बांगड्या कशाच्या म्हणून सगळ्यांनी विचारले. आजी प्रत्येकीला सांगायची, "आमच्या पोरीले इचारा."

मूळ नक्षत्रावर महालक्ष्म्या गेल्या आणि फुलोरा उतरवला. सर्वांना वाटला. करंज्या छान झाल्या होत्या, पण फणी मात्र दगडासारखी झाली होती. आजीने तीच मागितली. तिला दात नाहीत. तिने ती वाटीभर दुधात बुडवून ठेवली आणि दिवेलागणीला खाल्ली.