एक माणूस पुरे

मिठबावच्या किनाऱ्यावर रापण ओढायला अनेक हात लागतात. एकट्याचं ते काम नाही. पण ‘त्यांच्यात खेळू नको’ हे मूल आपल्याच ओट्यावर शिकतं आणि पुढे चारचौघांच्या भीतीनं पाळतं. सॉलोमन ॲश यांच्या १९५१च्या प्रयोगात सगळे चुकीचं बोलले की अनेकजण डोळ्यांसमोरचं खरंही नाकारत. एकानं खरं सांगितलं की इतरांना धीर येई. डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रह परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. जमाती एकमेकांच्या ओळखीसाठी आहेत, हे सूरह हुजुरातनं शिकवलंच आहे. मुलाचं बोट धरून शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जाणारं एक मोठं माणूस घरात असलं, तरी पुरे.