डॉ. भाऊ दाजी आणि अंबरनाथचा शिलालेख

कल्याणपासून काही मैलांवर वालधुनी नदीच्या काठी अंबरनाथचे प्राचीन शिवालय आहे. त्याच्या उत्तर द्वाराच्या तुळईवर, आतील बाजूस, एक संस्कृत लेख कोरलेला आहे. हा लेख विद्वानांपुढे प्रथम मांडणारे गृहस्थ व्यवसायाने डॉक्टर होते, याचे स्मरण ठाणे जिल्ह्यातील अभ्यासकांनी तरी ठेवावयास हवे.

गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी, हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीपैकी होत. रोग्यांची सेवा चालू असतानाच त्यांनी संस्कृत ग्रंथकारांच्या कालनिर्णयाचा प्रश्न हाती घेतला. १८६० मधील आपल्या निबंधात त्यांनी राजतरंगिणीतील मातृगुप्त म्हणजेच कालिदास, असे प्रतिपादन करून त्या कवीस इसवी सनाच्या सहाव्या शतकात बसविले. हे मत आज ग्राह्य मानले जात नाही. तथापि कवीचा काळ पुराव्यानेच ठरवावयाचा, हा आग्रह मोलाचा होता.

या आग्रहातूनच ते शिलालेखांकडे वळले. लेखांच्या विश्वसनीय नकला मिळाव्यात म्हणून जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांस त्यांनी साहाय्यक म्हणून घेतले व या विद्येत तयार केले.

अंबरनाथच्या लेखातील शक डॉक्टरांनी ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असा वाचला. पुढे भगवानलालांनी लेख पुन्हा तपासला व पहिला अंक सात नसून नऊ आहे, असे दाखविले. तेव्हा शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ निश्चित झाला. एका अंकाने दोनशे वर्षांचे अंतर पडले! लेखात उल्लेखिलेला शिलाहार राजा मुम्मुणि हा छित्तराजाचा भाऊ. आणि छित्तराजाचा भांडुप ताम्रपट शक ९४८ चा आहे. यावरूनही दुसरे वाचनच सयुक्तिक ठरते.

डॉ. भाऊ दाजी १८७४ मध्ये निवर्तले. गुरूची चूक शिष्याने दुरुस्त केली, यात गुरूस कमीपणा येत नाही. कुशल वैद्य लक्षणे नोंदवून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या वैद्यास निदान पुन्हा तपासता येते. डॉक्टरांनी लेखाचा पाठ प्रसिद्ध केला आणि तो तपासू शकणारा शिष्यही घडविला. संशोधकाच्या कार्याची कसोटी याहून निराळी ती कोणती?