"सोड" म्हटलं, "ओढ" ऐकलं! कामगारांचे कान वेळेत तपासा



एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. वर्कशॉपमध्ये चेन ब्लॉकला जड रोलर टांगलाय. शेजारी ग्राइंडर चालू आहे. पट्ट्यात एकाचं बोट अडकतं आणि तो ओरडतो, "सोड! सोड!" साखळी धरलेल्याला ऐकू येतं, "ओढ! ओढ!" आणि तो ओढतो.

साखळी धरणारा बहिरा नाही. तुम्ही हाक मारली तर तो वळून बघेल. पण मोठ्या आवाजाने कान खराब होतो, तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासचे. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं तिथेच मार खातात. स्वर ऐकू येतात, शब्द मात्र हुकतो. म्हणून माणूस म्हणतो, "मला ऐकू येतं हो, तुम्हीच नीट बोलत नाही." घरी टीव्हीचा आवाज वाढत जातो, आणि त्याला स्वतःला पत्ताच नसतो. कानातल्या ज्या पेशी मेल्या, त्या परत येत नाहीत. मशीनचा पार्ट बदलता येतो, कानाचा नाही.

आपला कोपरगाव तालुका साखरेचा. कोळपेवाडी, सहजानंदनगर इथे कारखाने, आणि साकरवाडी तर नावातच साखर घेऊन बसलेली. गव्हाणीत मोळी पडली की महिनोन्‌महिने मिल, टर्बाइन, बॉयलर यांचा आवाज सुरू. हंगाम संपला की दुरुस्तीची कामं निघतात आणि लहान वर्कशॉपमध्ये ग्राइंडर, हातोडे सुरू होतात. म्हणजे कानाला ऑफ सीझन नाहीच!

नियम काय सांगतो? आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीतला आजार होता. ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीतही तो आहे. त्या कायद्याखालच्या आदर्श कारखाना नियमांनुसार 8 तासांसाठी मर्यादा 90 डेसिबल होती. 95 झाले तर 4 तास, 100 झाले तर फक्त 2 तास. अशा कामावर माणूस लागला की 14 दिवसांत कानाची तपासणी आणि पुढे दर 12 महिन्यांनी एकदा. तुमचं युनिट छोटं असेल, कायद्याच्या व्याख्येत बसत नसेल, तरी कामगाराचे कान तेच आहेत ना?

मग करायचं काय?

1. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय? मग ती जागा धोक्याची समजा आणि आवाज मोजून घ्या.

2. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री करून घ्या. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर येण्याआधी पाठवा. आधीचे किमान 16 तास कानाला विश्रांती हवी, नाहीतर रिपोर्ट चुकतो.

3. पहिला रिपोर्ट जपून ठेवा. दरवर्षीचा नवा रिपोर्ट त्याच्याशी ताडून बघा. खरी किंमत या तुलनेला आहे.

4. क्रेन, चेन ब्लॉक, फोर्कलिफ्ट यांच्या कामात हाताच्या खुणा ठरवा. भोंग्यासोबत लाल दिवा लावा. "सोड" ऐवजी "खाली" म्हणा, म्हणजे "ओढ"शी गल्लत नाही.

5. इअर प्लग नुसते वाटू नका, घालायला शिकवा. अर्धवट घातलेला प्लग फक्त दाखवायला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रिपोर्ट खराब आला म्हणून माणसाला घरी बसवलंत, तर पुढच्या वर्षी कुणी खरं सांगणार नाही. अंदाजाने बटण दाबतील, पण तपासणी टाळतील. म्हणून आधीच सगळ्यांसमोर जाहीर करा: तपासणीचा खर्च मालकाचा, तपासणीचा दिवस पगारी, आणि कान कमी झाला तर काम बदलेल, नोकरी जाणार नाही.

आजचा गृहपाठ: उद्या शेडमध्ये मशीन चालू असताना दहा पावलांवरून, तोंडासमोर हात धरून, एकेकाला नेहमीच्या आवाजात "सोड" म्हणा. काय ऐकू आलं ते विचारा. ही काही तपासणी नव्हे. पण उत्तरं ऐकलीत की डॉक्टरांची वेळ तुम्ही त्याच दिवशी घ्याल.