बेडूकमासे

गोंदिया जिल्हा हा तळ्यांचा प्रदेश. येथे नवेगावबांधासारखे विस्तीर्ण जलाशय आहेत, तशाच गावोगावी लहान बोड्याही आहेत. मृगाचा पाऊस पडून धानाच्या बांध्या भरल्या, की पाण्यात इवले जीव शेपटी हलवीत फिरू लागतात. पुष्कळांना ती माशांची पिल्ले वाटतात. वस्तुतः ती बेडकांची पिल्ले होत. त्यांना बेडूकमासे म्हणतात.

सर्व बेडूकमासे सारखे नसतात. खरखरीत त्वचेच्या भेकाची अंडी माळेत ओवल्यासारखी असतात व त्याची काळी पिल्ले घोळक्याने हिंडतात. झाडावरचा बेडूक पाण्यालगत फेसाचे घरटे करतो. त्यातील पिल्ले खालच्या पाण्यात गळून पडतात. पिवळसर हिरव्या मोठ्या बेडकाची पिल्ले मांसाहारी असून इतर बेडूकमाशांनाही खातात. म्हणून निरनिराळी पिल्ले एकत्र ठेवू नयेत.

आटत चाललेल्या डबक्यातील भेकाची चार-पाच पिल्ले पसरट भांड्यात, त्याच डबक्याच्या पाण्यात ठेवावीत. भांडे सावलीत असावे. उकडलेल्या पालकाचा लहानसा तुकडा त्यांना पुरतो. उरलेले अन्न काढून टाकावे, नाहीतर पाणी नासते आणि पिल्ले गुदमरतात. थोडे थोडे पाणी बदलत जावे. नळाचे पाणी असल्यास ते एक दिवस उघडे ठेवून मगच घालावे.

आता रोज निरीक्षण करा. प्रथम मागचे पाय दिसतात, मग पुढचे. शेवटी शेपटी आखडत जाते. दार्जिलिंगच्या डोंगरांत सॅलॅमँडर जातीचा एक प्राणी राहतो. त्याच्या पिल्लांचा क्रम उलटा असतो: पुढचे पाय आधी फुटतात, पिसांसारखे कल्ले बराच काळ बाहेर दिसतात आणि शेपटी जन्मभर राहते.

पुढचे पाय येताच भांड्यात उतरता दगड ठेवावा. आता पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. वर येण्यास जागा नसेल, तर ते बुडून मरते. शेपटी गेली, की पिल्लांना जवळच्या बोडीकाठी सोडून द्यावे.

मुलांनो, एकेकाळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठविल्या जात. १९८७ साली ही निर्यात बंद करण्यात आली. बेडूक शेतातील कीटक खातो. तो धानाचा विनावेतन राखणदार आहे. त्याला त्याच्या शिवारात परत पोचविल्यावरच आपला अभ्यास पुरा झाला असे समजावे.