आधी पार्सल हातात, मग नंबर

पूर्वी गावात पोस्टमन आला की आळीतली माणसे गोळा होत. कोणाचे पत्र, कोणाची मनिऑर्डर. मनिऑर्डरीची पद्धत आपल्या देशात १८८० साली सुरू झाली. तिचा नियम सोपा होता. ज्याच्या नावाने पैसे आले, त्याच्या हातात ते द्यावयाचे आणि त्याची सही घ्यावयाची. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. घरी कोणी नव्हते म्हणून पोस्टमन पैसे उंबरठ्यावर ठेवून गेला, असे कधी ऐकले आहे का?

आता काळ बदलला. मोबाइलवर बोट ठेवले की कपडे, भांडी, पुस्तके, फवारणीचा पंप, सारे घरी येते. भंडारा, तुमसर, साकोलीकडून मोटारसायकलीवर एक मुलगा येतो. त्याच्या पाठीवर मोठी पिशवी असते. सोय चांगली आहे. पण या सोयीबरोबर एक नवी चोरीही आली आहे. दाराशी ठेवलेले पार्सल कोणीतरी उचलून नेतो. अमेरिकेत ही चोरी इतकी वाढली की तेथे अशा चोरांना नावच पडले आहे, 'पोर्च पायरेट'. म्हणजे ओसरीवरचे लुटारू.

आपल्या गावात ही चोरी कशी होते, ते पाहू.

चोरी कशी होते?

समजा, आषाढ लागला आहे. रोवणी जोरात आहे. दिवसा घरी कोणी नाही. एका बाईने मुलीच्या परीक्षेसाठी १,२०० रुपयांची पुस्तके मागविली आहेत. पैसे रोवणीच्या मजुरीचे. ते आधीच भरले आहेत. दुपारी तिला फोन येतो.

"मावशी, तुमचं पार्सल आणलं. घरी कोणी नाही."

"मी बांधीत आहे, बाबू. सपरीत ठेवून दे."

"ठीक आहे. मोबाइलवर नंबर आला असंल, तो सांगा."

बाई चिखलाच्या हाताने मोबाइल धरते आणि नंबर सांगते. संध्याकाळी घरी येऊन पाहते, तर सपरी रिकामी. दुसऱ्या दिवशी ती कंपनीला फोन करते. उत्तर मिळते, "पार्सल पोचले असे लिहिलेले आहे. नंबर तुम्हीच सांगितला."

आता दोष कोणाचा? चोराचा तर आहेच. पण पार्सल आणणाऱ्या मुलाला एकदम चोर म्हणू नये. त्याला एका दिवसात पुष्कळ गावे फिरायची असतात, म्हणून तो घाई करतो. आपण मात्र घाई करू नये.

नंबर म्हणजे अंगठा

त्या नंबराला ओटीपी म्हणतात. तो एकदाच वापरावयाचा असतो. पार्सलाचा नंबर सांगणे म्हणजे "माल माझ्या हाती आला" असे लिहून देणे. सही आणि अंगठा जे काम करीत, तेच काम आता हा नंबर करतो. आता पोस्टही या वाटेने चालले आहे. ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाची वस्तू नंबर घेऊन देण्याची सोय पोस्टाने सुरू केली आहे.

सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उमटवून कितीतरी लोकांच्या जमिनी गेल्या. तसा हा नंबर आहे. माल पाहिल्याशिवाय नंबर सांगणे आणि वाचल्याशिवाय अंगठा देणे, दोन्ही सारखेच. आपण वाचावयास शिकलो ते याचसाठी, नाही का?

काय करावे?

१. पत्ता पुरता लिहा. नाव, आळी, घराची खूण, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. शेवटी सहा आकडी पिनकोड. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. आपल्या भंडारा जिल्ह्याचे पिनकोड ४४१ या आकड्यांनी सुरू होतात. एकाच नावाची गावे अनेक असतात. पत्ता अर्धवट असेल तर पार्सल भलत्याच दारी जाते.

२. घरी नसाल तर "उद्या आणा" असे सांगा. नाहीतर एक भरवशाचे घर किंवा किराणा दुकान ठरवून ठेवा. दुकानदाराला आधी विचारा. पार्सल त्याच्या हातात पडले की त्याने तुम्हाला फोन करावा, मग तुम्ही नंबर सांगावा. जर्मनीत २००१ पासून याच कामासाठी चौकात कुलपाच्या पेट्या बसवू लागले. आपल्याकडे चौकातले दुकान हीच आपली पेटी.

३. सपरीत, तुळशीजवळ, गोठ्यात, खिडकीत ठेवा, असे कधी सांगू नका. चोर नसला तरी पाऊस आहे, कुत्री आहेत.

४. नंबर सांगण्याआधी पार्सल पाहा. वरचे नाव वाचा. चिकटपट्टी फाटली आहे का? खोके दबले आहे का? तसे असेल तर घेऊ नका, आणि नंबरही सांगू नका.

५. पैसे माल आल्यावर द्यावयाचे असतील, तर माल हाती आल्यावरच द्या.

पार्सल गेलेच तर?

आधी शेजारी विचारा. पाऊस आला म्हणून कोणी उचलून आत ठेवले असेल. पण कोणाचे नाव घेऊन आरोप करू नका. गावात काही हरवले की संशय गरिबावर, मजुरावर, पालावर राहणाऱ्यावर जातो. पुरावा नसताना बोललेला शब्द परत घेता येत नाही. पार्सल १,२०० रुपयांचे, आणि वैर जन्माचे!

मग त्याच दिवशी कंपनीला कळवा. "पार्सल माझ्या हाती आले नाही" असे स्पष्ट सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. माल गिऱ्हाइकाच्या हाती पोचविणे हे विकणाऱ्याचे काम आहे. नंबर सांगून बसला असाल तर आपली बाजू कमजोर होते, तरी गप्प बसू नका. फोन कधी आला, कोणत्या नंबरवरून आला, सारे सांगा.

कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ या नंबरवर फोन करा. ही सरकारची ग्राहक मदतवाहिनी आहे. तेथे मराठीत बोलता येते. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला तेथे फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

चोरी झाली अशी खात्री असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या ३०३ कलमात चोरीची शिक्षा सांगितली आहे. गुन्हा नोंदविला गेला तर त्याची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या.

दाराशी न येणारा चोर

आणखी एक चोर आहे. तो तुमच्या दाराशी येतच नाही. मोबाइलवर निरोप येतो, "तुमचे पार्सल अडकले आहे. येथे बोट ठेवा आणि पाच रुपये भरा." बोट ठेवले की बँकेतले पैसे जातात. काही मागविलेलेच नाही, तर पार्सल कोठून येणार? बँकेचा ओटीपी तर कोणालाच सांगावयाचा नसतो. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

मंडळी, हे सारे फार कठीण नाही. नाव वाचावयाचे, आकडे वाचावयाचे, आणि हातात माल आल्याशिवाय बोलावयाचे नाही. तुमच्या आळीत ज्याला अजून वाचता येत नाही, त्याचे पार्सल आले की जवळ जाऊन उभे राहा. वरचे नाव त्याला वाचून दाखवा. पूर्वी अंगठ्याला साक्षीदार लागे. आता नंबरालाही एक वाचणारा साक्षीदार असावा. ते काम तुम्ही करा.